तांबडी कावीळ

बाहेर

"सरका, सरका! परातीला पदर लागू देऊ नका!"

कुणी सरकलं नाही. पाटणच्या पुढं डोंगराच्या पोटात बसलेली ती वाडी. रविवारची सकाळ. ज्ञानूबापूच्या अंगणात दीड-दोनशे माणसं उकिडवी बसली होती आणि परातीत काय होतंय ते प्रत्येकाला शेजाऱ्याच्या आधी बघायचं होतं. परात पितळेची, चिंच लावून लखलखीत केलेली. तिच्यातलं पाणी बापूनं आधी ओंजळीत घेऊन सगळ्यांना दाखवलं होतं. नितळ. काचेसारखं.

परातीपुढं प्रीती बसली होती. वारणाकाठच्या मगदुमांची सून, सातवा महिना, डोळ्यांची बुबुळं सोडून सगळं पिवळं. मागं तिची सासू आक्काताई, सुनेच्या खांद्याला धरून. सासरा रामगोंडा आणि नवरा आर्जव पुरुषांच्या बाजूला. चौघं पहाटे जीप काढून आले होते.

बापूनं एका बाटलीतला तपकिरी काढा प्रीतीच्या हातांना कोपरापर्यंत चोळला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, आणि तिची दोन्ही मनगटं धरून हात परातीत बुडवले.

पाणी लाल झालं.

एकदम नाही. आधी बोटांच्या पेरांतून धागे सुटले, मग नखांच्या कडेनं, मग तळव्यांतून. बघता बघता परातभर विटकरी तांबडं पाणी हिंदकळायला लागलं, जणू कुणी आत रक्ताचा थेंब थेंब सोडतंय.

"तांबडी! आगं बया, तांबडी निघाली!"

कुणी हात जोडले, कुणी मोबाईल वर धरला. बापू उठून उभा राहिला. तो पैशाला हात लावत नसे. नारळाशिवाय काही घेत नसे. हाच त्याच्या खरेपणाचा सगळ्यात मोठा पुरावा मानला जाई, जणू फुकट सांगितलेलं खोटं हे खोटं नसतंच.

"डोळं असतील तर बघून घ्या!" बापू म्हणाला. "कावीळ चार जातीची. पांढरी पोटाची, पिवळी पित्ताची, काळी कर्माची. आन् ही चौथी, तांबडी. रगताची! डॉक्टरच्या मशिनीत ही दिसत न्हाई. का दिसत न्हाई? मशीन जपानची, कावीळ सांगलीची!"

हशा पिकला. प्रीतीसुद्धा हसल्यासारखी झाली.

"लोणंदचं माणूस आलं, पाणी पिवळं. मेढ्याचं आलं, पिवळं. आन् वारणाकाठच्या हळदीतलं माणूस आलं की तांबडं. मातीचा गुण हाय बाबांनो!"

त्या दिवशी बापूच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य खऱ्याच्या जवळपास होतं, आणि नेमकं तेच कुणी तपासलं नाही. पहिल्यांदा कधीतरी पाणी लाल झालं असेल तेव्हा बापू स्वतःच दचकला असणार. पण दचकलेला माणूस हुशार असला की नाव ठेवून मोकळा होतो. त्यानं नाव ठेवलं.

"किती पाणी लागतील, बापू?" रामगोंडानं विचारलं.

"तीन. तीन रविवार, तीन पाणी. काढा पहिल्याला कोपरापर्यंत, दुसऱ्याला थेंबभर, तिसऱ्याला न्हाई. पहिल्याला ही अशी. दुसऱ्याला फिकी. तिसऱ्याला पाणी नितळ, कावीळ उतरली!"

"माझी उतरली की," आर्जव शेजारच्याला सांगत होता. "जानेवारीत. ह्याच परातीत. तिसऱ्या पाण्याला तळ दिसत होता, गड्या, तळ!"

आक्काताईला काही वाटलं नाही. जानेवारीत पोरगा पिवळा पडला तेव्हा ती इतकी घाबरली होती की आता सुनेच्या वेळेला घाबरायला काही शिल्लकच उरलं नव्हतं. त्यात हळद शिजवायचे दिवस. वीस दिवस ती वाफेपुढं उभी होती. ती लाल पाण्याकडं बघत राहिली. हा रंग कुठंतरी बघितलाय, असं तिच्या डोळ्यांना वाटलं. डोक्यानं डोळ्यांचं ऐकलं नाही.

बापूच्या फळ्यावर

तेल नको. तिखट नको.
हळद खायची नाही. हळदीला शिवायचं नाही. हळदीच्या घरात झोपायचं नाही.
हात रिठ्यानं रोज चार वेळा घासायचे.
दवाखान्याची सुई टोचून घ्यायची नाही. सुईनं कावीळ हाडात शिरते.

आत

आर्जवची कावीळ उतरली होती, हे खोटं नव्हतं. म्हणून इथं गोष्ट थांबवून आर्जवच्या आत जायला हवं, कारण तिथं कुणीच गेलं नव्हतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात कधीतरी गावच्या नळाच्या पाण्यातून एक विषाणू त्याच्या पोटात गेला. महिनाभर त्यानं काही कळू दिलं नाही. रक्तातून यकृतात, यकृताच्या पेशींत. तिथं बसून तो आपल्यासारखेच दुसरे हजारो करत राहिला.

हळद निवडायला बायका ओळीनं बसतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगायला सोपं. बोलणं चालू, नजर भलतीकडं, पण हातात आलेलं किडकं हळकुंड बोटांना कळतं आणि बाजूला पडतं. शरीरात अशा निवडणाऱ्या पेशी रात्रंदिवस फिरत असतात. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत काय बनतंय त्याचे बारीक नमुने आपल्याच अंगावर टांगून ठेवते. निवडणारी येते, नमुना चाचपते. आपला असेल तर पुढं जाते. परका असेल तर ती अख्खी पेशीच काढून टाकते, आतल्या विषाणूसकट.

आर्जवच्या यकृतात हेच झालं. निवड एवढी जोरात चालली की यकृताचं रोजचं काम रेंगाळलं. रक्तातला जो पिवळा गाळ ते बाहेर टाकतं तो साठला, आणि डोळे पिवळे झाले. म्हणजे ज्या दिवशी आईनं "आर्जव, डोळे बघू" म्हणून त्याला उजेडात ओढलं, त्या दिवशी आतलं काम निम्म्याहून जास्त उरकत आलं होतं. दुसरीकडं आणखी एक जात कामाला लागली होती. ह्या पेशी लाखो, प्रत्येकीची पकड वेगळी. जिची पकड ह्या विषाणूवर नेमकी बसली ती वाढली, तिची प्रजा झाली, आणि तिनं रक्तात सोडलेल्या कणांनी उरलेसुरले विषाणू जागच्या जागी धरले.

ह्याला तीन-चार आठवडे लागतात. धडधाकट माणसात बहुतेकदा एवढेच लागतात. ह्याच आठवड्यांत तीन रविवार येतात.

काम आतल्यांनी केलं, नारळ बापूच्या दारात फुटला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. कोंबडं आरवलं म्हणून ते फुटत नाही, हे मात्र आपण विसरतो.

बाहेर

बुधवारी क्रांती आली. गावच्या उपकेंद्रातली नर्स, माहेर लोणंदचं, बोलायला फटकळ. घरोघर फिरून ती काविळीची माणसं मोजत होती.

"अकरा घरं झाली, काकू. गटारीच्या कडेला नळाची पाइप फुटलीय, घाण आत ओढली जातीय. आन् ह्या दिवसांत कुणाला कळणार? हळद दळून, घासून समदं गावच पिवळं. खरा पिवळा कोण आन् रंगलेला कोण?" तिनं प्रीतीची खालची पापणी ओढून बघितली. मग म्हणाली, "हिला आजच्या आज सांगलीला न्या."

"पहिलं पाणी झालंय," रामगोंडा खाटेवरून म्हणाला. "दोन राहिलीत."

"कसलं पाणी?"

त्यानं सांगितलं. क्रांतीनं ऐकून घेतलं.

"काका, सात महिन्यांच्या बाईची कावीळ लय वंगाळ असती."

"आमच्या आर्जवची उतरली की."

"आर्जव पोटुशी होता का?"

दारात उभा असलेला आर्जव आत निघून गेला. रामगोंडा खाटेवरून उठला. "तांबडं पाणी ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. ते काय होतं? सांगा की! शिकलेल्या हाय न्हवं तुमी?"

क्रांतीनं विचार केला. ती लोणंदची. हळदीतली नव्हती.

"मला न्हाई माहीत," ती म्हणाली.

"मग झालं तर!"

"मला माहीत न्हाई म्हणून ते खरं ठरतं व्हय, काका?"

पण रामगोंडाच्या लेखी विषय मिटला होता. ज्याला माहीत नाही त्याचं काय ऐकायचं? बापूला सगळं माहीत होतं.

जाताना क्रांती धोक्याच्या खुणा लिहिलेली एक चिठ्ठी आक्काताईच्या हातात देऊन गेली. "झोप लय यायला लागली, बडबडायला लागली, हिरड्यांतनं रगत आलं, तर कुणाला इचारत बसू नका."

गुरुवार. प्रीती दिवसभर झोपली.

शुक्रवार. तिनं चहात मीठ घातलं आणि तो चहा पिऊन टाकला. तोंड वाकडं केलं नाही.

शनिवार. आक्काताई पेज भरवत होती. प्रीतीनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि अदबीनं विचारलं, "तुमी कुणाकडच्या?"

आक्काताईनं वाटी खाली ठेवली. आपल्याला आता भीती वाटायला पाहिजे, हे तिला कळत होतं. ती वाट बघत बसली. भीती आली नाही. तिनं फक्त बाहेर जाऊन पुरुषांना सांगितलं.

"रगतातनं उतरताना असं व्हतंय," रामगोंडा म्हणाला. पण तो नजर चुकवून म्हणाला. "उद्या दुसरं पाणी हायच. आठ दिवस काढलं, आता एक दिवसासाठी मधीच मोडायचं?"

बाहेर

दुसऱ्या रविवारी आर्जवनं प्रीतीला जीपमधून उचलूनच आणलं. ह्या वेळी जीप चालवायला धुळा होता. एरवी तो मगदुमांच्या पॉलिशच्या ड्रमवर असे. हळकुंडं ड्रममध्ये फिरवून घासायची, पोती भरायची, पोती जीपमध्ये टाकून बाजारात न्यायची. तीस वर्षं हेच काम. अंगाचा रंग मूळचा कोणता होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रांगेत त्यांचा नंबर बराच मागं होता. परातीपुढं मेढ्याची एक म्हातारी बसत होती. बापूचा आवाज अंगणभर फिरत होता. "मशीन जपानची, कावीळ..."

प्रीतीचं डोकं आक्काताईच्या मांडीवर होतं. धुळा शेजारी टेकला. त्यानं चंची काढली, डाव्या तळव्यावर तंबाखूची चिमूट घेतली, डबीतला चुना नखानं काढून तिच्यावर ठेवला, आणि उजव्या अंगठ्यानं मळायला लागला. मळून झाल्यावर त्यानं तंबाखू ओठाखाली सोडली आणि तळवा धोतराला पुसला.

धोतरावर तांबडा डाग उमटला.

त्या धोतरावर असे शंभर डाग होते. आक्काताई ते तीस वर्षं बघत होती. तिनंच किती वेळा त्याला म्हटलं होतं, "धुळा, मेल्या, पान खाऊन अंगावर थुंकतोस का काय?" आणि तो म्हणाला होता, "न्हाई आक्का, हळदीच्या हातानं चुना मळला की असं व्हतंय."

हळदीच्या हातानं. चुना.

हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, हे हळदीच्या मुलखातल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. रामगोंडाला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, गावातल्या अकरा घरांना ठाऊक होतं. रोजची गोष्ट पितळेच्या परातीत गेली आणि तिच्यापुढं कुणीतरी हात जोडले, एवढ्यानं ती कुणाला ओळखू आली नाही.

"आवं," ती रामगोंडाला म्हणाली. "हिला उचला. कराडला न्या."

"आता? नंबर जवळ आलाय!"

"आत्ता."

बापूच्या कानावर ते गेलं. "कोण उठतंय? मधनंच उठवलंसा तर तांबडी डोक्यात चढंल! मग माझ्या बापाच्यानंबी उतरायची न्हाई!"

आर्जवनं प्रीतीला उचलायला वाकवलेली पाठ तशीच ठेवली. त्याला पुढंही जाता येईना, मागंही. रामगोंडा बायकोकडं बघत होता. चिठ्ठीत लिहिलेलं सगळं त्याच्या समोर पडलं होतं. हिरडीतून आलेली रक्ताची रेघ प्रीतीच्या ओठावर वाळली होती. तरी तो हलेना. आठ दिवस ज्याच्यावर विश्वास टाकला तो खोटा असेल, तर ह्या आठ दिवसांचं काय करायचं?

आक्काताईनं सुनेचं डोकं अलगद खाली ठेवलं. उठली. माणसांवरून पाय टाकत परातीपाशी गेली, मेढ्याच्या म्हातारीच्या शेजारी बसली, आणि आपले दोन्ही हात पाण्यात घातले.

पाणी तांबडं झालं.

"बघा!" बापू गडबडला नाही. "सासूलाबी हाय! घरात शिरलीय!"

"धुळा, ये रं."

धुळा आला. हात घातले. पाणी गर्द झालं.

"आरारारा! गड्यालाबी हाय! समदं घरदार बुडालं की रं!"

आर्जवनं आपल्या हातांकडं बघितलं. माणसं दोन पावलं मागं सरकली, कावीळ उडून लागेल म्हणून.

आक्काताई उठून जीपकडं गेली. मागच्या बाजूला रिकामी पोती पडली होती. तिनं एक ओढून आणलं, परातीत कोंबलं, आणि पावलानं दाबावं तसं दोन्ही हातांनी दाबलं.

परातीत आजवर झालं नव्हतं असं लाल पाणी झालं. काठावरून सांडलं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्याचा ओघळ गेला.

"पोत्याला किती पाणी लागतील, बापू?" तिनं विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बाजारात भाव विचारावा तसं तिनं विचारलं होतं. म्हणूनच असेल, पण आधी कुणी हसलंच नाही. मग मागून एक बारीक आवाज आला, "पोत्याला झालीय, तर गाढवालाबी झाली असंल की, पोतं त्येच्यावरच असतं!" आणि अंगण फुटलं.

"चुना हाय ह्या पाण्यात," आक्काताई हसणं थांबायची वाट न बघता बोलत राहिली. "चुन्याची निवळी. वरनं नितळ दिसती. हळदीला लागली की तांबडी. पहिल्या पाण्याला हळदीचं हात आणायचं, मग म्हणायचं हळदीला शिवू नका, रिठ्यानं हात घासा. तिसऱ्या पाण्याला नितळच येणार. कावीळ उतरत न्हाई. हळद उतरती."

"मग आमचं पिवळं का होतंय?" मेढ्याची म्हातारी, राहीबाई तिचं नाव, तिनं विचारलं. "आमी कुठली हळद लावतोय?"

"ते मला न्हाई माहीत. त्या बाटलीत काय हाय, बघा."

बापूनं बाटलीला हात घालायच्या आधी म्हातारीनं ती उचलली होती. तिनं वास घेतला, जिभेला लावून बघितलं, थुंकली. "आंब्याची अंतरसाल की ही! माझा बा हिच्यात सूत पिवळं करायचा." तिनं परात उलटी केली, बापूच्याच कळशीतलं नितळ पाणी नव्यानं ओतलं, आणि आधी कोरडे हात बुडवले. काही नाही. मग काढा चोळून बुडवले. पिवळं.

"ज्ञानू," म्हातारी म्हणाली, आणि बापूला त्या अंगणात पहिल्यांदाच कुणी नुसत्या नावानं हाक मारली. "माझ्या बाची विद्या हाय रं ही. कावीळ कुठाय हिच्यात?"

बापूला एकाएकी देवघरातलं काहीतरी काम आठवलं.

निम्मी माणसं उठली. निम्मी बसून राहिली. "त्यांचं काय का असंना," एक जण हाताची घडी घालून म्हणाला, "माझी खरी हाय." त्यालाही हे लिहिताना वगळता येत नाही.

रामगोंडा चाळीस वर्षं हळद पिकवत होता. पोत्याचं पाणी त्याच्या चपलेपर्यंत आलं होतं. त्यानं सुनेला स्वतः उचललं, जीपमध्ये ठेवलं, आणि धुळाला जीप कराडकडं काढायला सांगितलं.

आत

इथं दोन जीव होते.

पोटातलं बाळ निम्मं बापाचं. शरीराच्या हिशेबात निम्मं परकं. ते टिकावं म्हणून आतल्या निवडणाऱ्या आपली रीत बदलतात. काही ठिकाणी कानाडोळा करतात, काही ठिकाणी नाही. ह्याच बदलामुळं ही कावीळ गरोदर बाईत एवढी चढते का, की त्या दिवसांतल्या संप्रेरकांमुळं, की दोन्हींमुळं, ते अजून कुणाला पक्कं सांगता आलेलं नाही. चढते, एवढं मात्र मोजून बघितलेलं आहे. शेवटच्या तीन महिन्यांत अशा कित्येक बायका दगावतात.

प्रीतीचं यकृत बसत चाललं होतं. जो गाळ ते काढून टाकतं तो रक्तातून डोक्यापर्यंत पोचला होता. म्हणून चहात मीठ. म्हणून "तुमी कुणाकडच्या?" रक्त गोठवणारे पदार्थही यकृतच बनवतं. म्हणून ओठावरची रेघ.

बाळाचं काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही.

बाहेर

कराडच्या मोठ्या दवाखान्यात प्रीतीला थेट आत नेलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं.

"आठवडाभर काय करत होता?" त्यांनी विचारलं.

रामगोंडानं सांगितलं. परात, बापू, पोतं, सगळं. काही गाळलं नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

"ह्या विषाणूवर हमखास असं औषध आमच्याकडंही नाही," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. रक्तातली साखर पडू द्यायची नाही, रक्तस्राव सांभाळायचा, मेंदूला सूज येऊ द्यायची नाही. आम्ही तिच्या शरीराला वेळ मिळवून देतो. झगडायचं तिच्या शरीरालाच आहे."

"मग मला कुणी बरं केलं?" आर्जवनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुमच्याच शरीरानं. शंभर धडधाकट माणसांना ही कावीळ झाली तर जवळजवळ सगळी आपोआप बरी होतात. बापूकडं गेली तरी होतात, नाही गेली तरी होतात. जी मोजकी होत नाहीत त्यांना ओळखून वेळेत दाखल करून घ्यायचं, तेवढंच आमचं काम. आणि तेवढंच त्यानं आम्हाला करू दिलं नाही."

मंगळवारी बाळ गेलं. मुलगी होती.

आक्काताईनं ती बघितली. तिला वाटलं, आता तरी काही वाटेल. वाटलं नाही.

नवव्या दिवशी प्रीतीच्या रक्ताचे आकडे वर चढायचे थांबले. बाराव्या दिवशी उतरायला लागले. त्या दिवशी तिनं डोळे उघडून सासूकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, तोंड लय कडू झालंय."

आक्काताईला तिनं ओळखलं होतं.

पाच आठवड्यांनी प्रीती घरी आली. दुसऱ्याच दिवशी बायका आल्या. कुणाच्या जावेला, कुणाच्या लेकीला काविळीचं होतं. गावाची पाइप बदलली होती, पण आधी प्यालेलं पाणी आता कुठं बाहेर पडत होतं.

"आक्का, त्या कराडच्या डॉक्टरणीचा पत्ता द्या," त्यातली एक म्हणाली. "हाताला लय गुण हाय म्हणं तिच्या. मेलेली पोर उठवली."

आक्काताई ओसरीच्या कठड्याला टेकून बसली होती.

"हाताला गुण न्हाई तिच्या," ती म्हणाली. "गुण असता तर पोटातलं वाचलं असतं. पत्ता देते. पण गुण बघायला जाऊ नका. रगत तपासायला जा. गरोदर असंल तर पिवळं दिसल्या दिवशीच जा, दुसरा दिवस बघू नका. बाकीच्यांनी पाणी उकळून प्या, पडून ऱ्हावा, दारूला शिवू नका. अंग आपलं आपण बरं करतंय बहुतेकदा. बरं झालं की ज्याच्या दारात उभं होतो त्याच्या पाया पडतो आपण. आर्जव बरा झाला आन् शंभर माणसांत बोलत फिरला. जी माणसं त्या परातीवरनं घरी जाऊन मेली, ती बोलायला आली का? ती कुठं गेली, त्ये इचारायचं होतं. आमी इचारलं न्हाई."

कुणीतरी पदर सावरला. आतल्या खोलीत खाटेवर प्रीती पडून होती, दार उघडं होतं.

"आई," तिनं आतून विचारलं, "पहिल्या रविवारीच वाटेत कराडला थांबलो असतो, तर ती राह्यली असती का?"

आक्काताई ह्या प्रश्नाची वाट बघत होती. पाच आठवडे होती. दोन उत्तरं तिनं मनात तयार ठेवली होती, एक सुनेला बरं वाटावं म्हणून आणि एक स्वतःला. दोन्ही खोटी होती.

"राह्यली असती, असं सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "न्हाई राह्यली असती, असंबी न्हाई. तिला एक संधी होती, बाळा. ती आमी परातीत धुतली."